रास्पबेरी पायचा फॅन आपोआप चालवताय? या चुका टाळा

वडगावातल्या एका मित्राचा फोन आला, "फॅन बसीवलाय की रे, तरीबी मशीन तापूलालंय." कापड विणायच्या मागाच्या शेडमध्ये त्यानं कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) लावलाय. जाऊन बघतो तर फॅन दोन सेकंद घर्र करायचा, थांबायचा, परत घर्र. बाहेर माग खटखटत असताना ते कुणाला ऐकू येणार?

दोष फॅन चालू-बंद करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्राममध्ये होता. ६० अंशांवर चालू आणि ६० च्या खाली आला की बंद. चिप अर्ध्या अंशानं निवली की फॅन थांबणार आणि लगेच पुन्हा तापणार. चालू आणि बंद या दोन आकड्यांत अंतर हवंच. ६० ला चालू, ५० ला बंद ठेवा. खरं तर स्वतःची स्क्रिप्ट लिहायची गरजच नाही. पायच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे रास्पी-कॉन्फिगमध्ये, परफॉर्मन्सखाली फॅनचा पर्याय आहे, तो दहा अंशांचं अंतर आपणहून ठेवतो. आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लाईट परत आल्यावर हा पर्याय बूट होतानाच लागू होतो, पण हातानं सुरू केलेली स्क्रिप्ट तशीच झोपून राहते. फक्त तिथं ८० ठेवू नका. पाय ४ हा बोर्ड ८० अंशांवर स्वतःच वेग कमी करायला लागतो, मग फॅनचा उपयोग काय?

स्क्रिप्टच हवी असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. सिस्टीमच्या फाईलमधलं तापमान अंशाच्या हजाराव्या भागात असतं. ४८३१२ म्हणजे ४८.३ अंश. हजारानं न भागता ६० शी तुलना केली की फॅन जन्मभर चालूच! "किती भारी ऑटोमॅटिक केलंय" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं असंच झालेलं असतं, असा माझा संशय आहे.

आता वायरिंग. ही चूक महागात पडते. दोन वायरींचा फॅन थेट जीपीआयओ पिनला (प्रोग्राममधून चालू-बंद करता येणारी बोर्डवरची पिन) जोडू नका. पिन देते ३.३ व्होल्ट आणि जास्तीत जास्त १६ मिलीअँपिअर. ५ व्होल्टचा छोटा फॅनसुद्धा सहज शंभरच्या पुढे मागतो. फॅन फिरणार नाही, पिन मात्र जाईल. लाल वायर ५ व्होल्टला, काळी ट्रान्झिस्टरच्या (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग) कलेक्टर पायाला, एमिटर ग्राउंडला, आणि बेसला १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जीपीआयओ १४. दुकानात बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर पटकन हातात ठेवतात, पण त्याची मर्यादाच १०० मिलीअँपिअर आहे. २एन२२२२ मागा. फॅनच्या दोन टोकांवर उलटा डायोडही (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. फॅन बंद होताना कॉइल जो झटका मारते तो त्यात जिरतो. तीन वायरींच्या फॅनमध्ये तिसरी वायर कंट्रोलचीच असेल, तर ही सगळी उठाठेव नको. तिसरी वायर वेग मोजायचीही असते, म्हणून आधी माहितीपत्रक बघा.

जीपीआयओ १४ हीच सिरियल पोर्टची पाठवायची पिनसुद्धा आहे. सिरियल कन्सोल (त्या पोर्टवरून बोर्डला आज्ञा द्यायची सोय) चालू असेल तर तो तरी बंद करा, नाहीतर फॅनसाठी दुसरी पिन निवडा. पाय ५ वाल्यांनी इथला ट्रान्झिस्टर विसरावा. त्यावर फॅनसाठी वेगळा चार पिनांचा कनेक्टर आहे, अधिकृत फॅन ५० अंशांना हळू सुरू होऊन ७५ ला पूर्ण वेगात जातो.

बोर्ड तापलेला नाही पण मंद चालतोय, असं झालं तर आधी चार्जर बघा. मोबाईलचा जुना चार्जर लावून लोक फॅनला शिव्या घालतात. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात.

मित्राकडे आकडे दुरुस्त केले तरी तापमान ७० खाली येईना. केस उघडली तर हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पात्यांत सुताची लव गादीसारखी बसलेली. लाईट काढली, फॅनचं पातं बोटानं धरून ब्रशनं लव काढली (फुंकणी मारताना फॅन मोकळा फिरू देऊ नका), आणि केस मागापासून लांब, भिंतीवर उंच लावली. परत रेकॉर्डिंग सुरू केलं, तर आकडा ५६ वर येऊन थांबला.