स्टेअरिंगचा चार बोटं प्ले

खंबाटकीच्या उतारावर गाडीचं स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म हलेनात, इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा. मेकॅनिक म्हणाला, "शेठ, स्टेअरिंग बॉक्सच बदला." खर्च ऐकून म्हटलं, आधी आपण बघू.

चाकांना दगड लावले, पोराला केबिनमध्ये बसवून स्टेअरिंग डावं-उजवं हलवायला लावलं आणि ड्रॅगलिंकच्या, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, सांध्यावर हात ठेवला. निम्मा प्ले तिथेच! बॉलजॉइंट टकटक वाजत होता. तो बदलला. उरलेला प्ले बॉक्समध्ये. चाकं अगदी सरळ ठेवून बॉक्सवरचा चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल केला, मधला स्क्रू पाव फेरा आवळला. हाव सुटली म्हणून आणखी पाव दिला, तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येईना. गुपचूप मागे घेतला.

पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतल्या ऑइलला साबणासारखा फेस होता, म्हणजे हवा शिरत होती. पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप ढिली. ती नवी बसवली, ऑइल बदललं. पुढचा एक्सल उचलून घोड्यांवर (स्टँडवर) ठेवला आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला दाबून मात्र धरायचं नाही, पंप तापतो.

आता प्ले बोटभर उरलाय. पोरगा म्हणतो, गाडी हलकी झाली.