जुनी रेल्वे, गिरण्या आणि दगडी इमारतींचे फोटो काढताना या चुका टाळा

पावसाळा सरला, हवा धुऊन निघाली की दर वर्षी माझ्याकडे फोटो यायला लागतात. "बघा ना, कसे आलेत?" सीएसएमटीचा घुमट, माथेरानची गाडी, मूर्तिजापूरच्या नॅरोगेज फलाटावर माजलेलं गवत, लालबागमधलं एखाद्या गिरणीचं धुराडं. जागा उत्तम निवडलेल्या असतात, कॅमेरे माझ्यापेक्षा भारी असतात आणि चुका मात्र त्याच त्या. काही चुका घरी बसून सुधारता येतात. काही येत नाहीत, कारण लक्षात येईपर्यंत ती वस्तूच उरलेली नसते. आधी त्यांच्याबद्दल बोलतो.

नुसते तुकडे टिपून परत येणं

गंजलेला नट, तुटकी काच, भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ. सगळं जवळून, मागचं सगळं धूसर. नवीन लेन्स घेतलेला प्रत्येक जण हेच करतो. मीही केलं आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

2006 साली मध्य मुंबईतल्या एका बंद गिरणीत मला दोन तास मिळाले. यंत्रं भंगारात गेली होती. उरले होते ते बिडाचे खांब, भिंतीवर सुटलेले शाफ्टचे ब्रॅकेट आणि वर करवतीच्या दातांसारखं छप्पर. माझ्याकडे नवी कोरी 50 एमएम लेन्स होती. दोनशेच्या वर फोटो काढले. व्हॉल्व्हची चाकं, खिळ्याला अडकून राहिलेला सुताचा धागा, कुणाची तरी एकच चप्पल. खूश होऊन घरी आलो.

तीन वर्षांनी आमच्या चाळीतल्या तात्यांना ते फोटो दाखवले. 1982च्या संपाआधी ते त्याच गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. चष्मा पुसून त्यांनी एकेक फोटो बघितला आणि विचारलं, "हे साचाखातं की सूतखातं? दार कुठल्या अंगाला होतं?" म्हणजे इथे कापड विणायचे की सूत कातायचे? त्यांना आपले दोन साचे कुठे होते ती जागा शोधायची होती, बाकी काही नको होतं. मला सांगता येईना. दोनशे फोटोंत एकही असा नव्हता की ज्यात ती शेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते. अशा छपरांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवतात, म्हणजे थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळतो. एका जरी फोटोत छप्पर नीट आलं असतं तरी दिशा कळली असती आणि तात्यांनी बाकीचं स्वतः जुळवलं असतं. तोवर गिरणीची जागा साफ झाली होती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आत शिरलो की पहिले चार फोटो चार कोपऱ्यांतून. लेन्सचं छिद्र एफ 8 वर, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येतं, पायावर घट्ट उभं राहून, जमिनीपासून छपरापर्यंत सगळं. त्यातल्या एकात तरी माणूस उभा हवा, म्हणजे उंची कळते. मग यंत्र, मग त्याची पितळी पाटी, आणि शेवटी हवा तेवढा गंज. वहीच्या पानावर तारीख, जागा, खात्याचं नाव आणि उत्तरेचा बाण काढतो आणि त्या पानाचाच फोटो सगळ्यात आधी घेतो. याला दहा मिनिटं लागतात. "एवढा वेळ कुठे असतो?" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वेळ नसेल तर तुकड्यांचे फोटो कमी काढा.

कॅमेरा वर करून इमारत पाडणं

सीएसएमटीचे दहापैकी आठ फोटो दारासमोर उभं राहून, मान वर करून काढलेले असतात. दोन्ही बाजूच्या भिंती आत झुकतात, सगळी इमारत मागे कोसळतेय असं वाटतं आणि घुमटावरची 'प्रगती' ठिपक्याएवढी होते. उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक घेतलेली ही स्त्रीमूर्ती म्हणजे रेल्वेच्या त्या सगळ्या स्वप्नाचा कळस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी या वास्तूचा आराखडा केला, 1878 ते 1888 अशी दहा वर्षं बांधकाम चाललं, आणि आपण तिला दहा सेकंदांत वाकडी करतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय साधा आहे: मागे जा. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या, कॅमेरा जमिनीला समांतर धरा आणि खालच्या अर्ध्या चौकटीत रस्ता येतोय तर येऊ द्या. बेस्टची लाल बस आली तर उत्तमच. नको असलेला रस्ता घरी कापता येतो. सॉफ्टवेअरमध्ये भिंती उभ्या करता येतात हे मलाही ठाऊक आहे. पण ते करताना दोन्ही कडा कापल्या जातात आणि वरचा भाग ताणला जातो. तोच आधार धरायचा असेल तर निदान चारी बाजूंनी जागा सोडून फोटो घ्या. ओळी अगदी शंभर टक्के उभ्याही करू नका. उंच इमारत वर किंचित निमुळती दिसायलाच हवी, नाहीतर डोकं जड झाल्यासारखी वाटते.

वेळेचंही तेच. या इमारतीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी आठला येऊन "लाइट मिळाला नाही" म्हणणाऱ्यांना मी मागे वळून बघायला सांगतो. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच आणि सकाळचं ऊन तिच्यावर असतं. सकाळी ती करा, दुपारनंतर सीएसएमटी. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पानं, मोर, माकडं बघायची तर दुपारी ऊन तिरकं उतरायला लागतं तेव्हा बघा. पाचच्या सुमारास ऊन समोरून आलं की रंग सोनेरी होतो, पण कोरीव काम सपाट दिसतं. आणि फाटकाच्या खांबांकडे जरूर बघा. एकावर सिंह आहे, ब्रिटनचा, आणि दुसऱ्यावर वाघ, भारताचा. हजारो माणसं रोज त्यांच्या खालून जातात.

अक्षरं वाचण्यासाठी खडू, पाणी, तारेचा ब्रश

हे बघितलं की मला राग येतो. जुन्या स्टेशनांवर कुंपणाचे आणि छपराचे खांब पुष्कळदा निकामी रुळांचेच असतात. त्या रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं. रंगाच्या थरांखाली ते दबतं आणि उतावळे लोक खडू घासतात किंवा किल्लीने खरवडतात. शंभर वर्षं टिकलेलं अक्षर तुमच्या एका फोटोसाठी झिजवू नका. मोबाइलची बॅटरी रुळाला जवळजवळ टेकवून धरा, उजेड आडवा सरपटू द्या, दुसऱ्या हाताने वरून सावली करा. अक्षर आपोआप वर येतं. इंजिनाच्या पितळी पाटीला फ्लॅश मारू नका, नुसता पांढरा डाग येतो. जरा बाजूला सरका.

गंज भगवा करणं

काळा दगड निळा, मालाडचा पिवळसर दगड नारिंगी, गंज भगवा, आकाश जांभळं. एचडीआरचं, म्हणजे उजळ आणि गडद भाग एकत्र जुळवणारं, बटण दाबलं की हे सगळं फुकट मिळतं. मालाडचा दगड मधासारखा असतो, संत्र्यासारखा नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच रंग ठरवणं, बंद करा आणि तिथे असतानाच दगडाशेजारी स्क्रीन धरून रंग ताडून बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. ट्रायपॉड, सेल्फी स्टिक डोक्यावर उंचावू नका. फलाटावर आधी स्टेशन मास्तरांना भेटा.

येणाऱ्या गाडीच्या चालकाच्या तोंडावर फ्लॅश कधीच नाही.

पडक्या इमारतीत लाकडी मजल्यावर एकट्याने चढू नका. पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतील तर हलवूही नका.

भर पावसात माथेरानच्या घाटात गाडीचे फोटो घ्यायला जाऊ नका. 1907 पासूनची ही लाइन पावसाळ्यात नेरळकडून बंद असते. अमन लॉजपासून वर तेवढी शटल मिळते.

"पुढच्या वर्षी जाऊ" म्हणू नका. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूरची शकुंतला ही नॅरोगेज गाडी 1994 पर्यंत वाफेवर धावत होती. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना डिझेल मिळालं, त्यांच्यानंतरच्यांना गवत.

आणि तिथल्या माणसांना टाळू नका. माणूस चौकटीतून बाहेर जायची वाट बघत बसणारे खूप असतात. एका सिंगल लाइनच्या स्टेशनात मी भिंतीवर टांगलेल्या वेताच्या मोठ्या कड्याचा फोटो घेत होतो. खाली चामड्याची पिशवी लटकत होती, पोत सुंदर होता, एवढंच मला दिसलं. जवळच उभ्या असलेल्या पॉइंट्समनकाकांनी सांगितलं की त्या पिशवीत टोकनचा गोळा ठेवतात आणि तो हातात पडल्याशिवाय चालक पुढच्या सेक्शनमध्ये गाडी घालत नाही. कडं एवढं मोठं का, तर चालत्या इंजिनातून हात घालून उचलता यावं म्हणून. मी म्हटलं, "काका, कसं धरता ते दाखवता का?" त्यांनी कडं उतरवलं, टोपी सारखी केली, फलाटाच्या कडेपासून हातभर मागे उभे राहिले आणि हात खांद्याच्या रेषेत ताठ बाहेर काढला. गाडी यायला अजून तास होता, तरी त्यांनी नजर सिग्नलकडेच ठेवली होती.