इंदूरच्या गच्चीवरची वसंतातली बाग: रोपं आणि सल्ले घेता-देताना या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या इंदूरच्या गच्च्या बघण्यासारख्या असतात, पेटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, डेलिया सगळं एकदम फुललेलं, रोज कोणीतरी फोटो पाठवतंय, आणि खाली लगेच "मला एक फांदी ठेव हं". हे देणं-घेणं चालूच राहायला पाहिजे, मला ते मनापासून आवडतं. पण रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली की महिन्याभरात त्यातली बरीच रोपं गेलेली असतात, आणि विचारलं तर लक्षात येतं की रोप घेतलं, सल्लाही घेतला, पण ते रोप आधी किती उन्हात होतं, पाणी नळाला येणारं नर्मदेचं की बोरिंगचं, माती कुठली, हे कोणी विचारलंच नाही. ठाण्याच्या मावशीची जास्वंद दमट हवेत वाढते, आपल्याकडे मार्च संपतासंपता हवा एकदम कोरडी होते, मग तिचं पाण्याचं वेळापत्रक इथे कसं चालणार?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते मार्चमध्ये नर्सरीतून फुलांनी भरलेली पेटुनिया आणण्यात. ही थंडीची हंगामी फुलं आहेत, त्यांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडलेलं असतं, म्हणजे तुम्ही आणता तेव्हा त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य झालेलं असतं आणि पारा पस्तिशीच्या पुढे गेला की ती थकतातच, कितीही खत घाला. आता आणायचं तर झिनिया, सदाफुली, कोचिया, पोर्तुलाका म्हणजे आपला चिनी गुलाब. ही उन्हात खुलतात.

आता पिवळी पानं. "पानं पिवळी पडतायत, काय घालू?" आणि त्यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात, एप्सम सॉल्ट, ताक, केळीच्या सालीचं पाणी. काही घालायच्या आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा ना. खालची जुनी पानं सरसकट पिवळी आणि माती कोरडी-ओली नीट होतेय, तर नायट्रोजन कमी पडतोय, गांडूळखत द्या. खालची पिवळी आणि माती सतत ओली, तर पाणी जास्त होतंय, खत अजिबात नको, आधी कुंडीचं भोक बुजलंय का ते बघा. आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर बहुतेक वेळा ती लोहाची कमतरता. जास्वंद, गुलाब, लिंबू यांना बोरिंगचं जड पाणी मिळत असेल तर हे खूप दिसतं, कारण माळव्याची काळी माती आधीच अल्कलाइन (आम्लाच्या उलट), त्यात जड पाण्यातले क्षार, मग मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. तिथे एप्सम सॉल्टचा उपयोग नाही, त्यात मॅग्नेशियम असतं. चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात फवारा आणि शक्य असेल तेव्हा नर्मदेचं पाणी भरून ठेवून तेच घाला.

काळ्या मातीचं अजून एक. कुंडीत नुसती काळी माती भरली तर ती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं, तुम्हाला वाटतं भरपूर पाणी दिलं आणि मुळांचा गोळा आतून कोरडाच. अशी कुंडी पाण्याच्या टबमध्ये ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि पुढच्या वेळी माती भरताना काळी माती निम्म्यापेक्षा कमी, बाकी कुजलेलं शेणखत आणि वाळू. ताजं शेण कधीच नको, मुळं जळतात.

एकमेकांना रोपं देता-घेताना मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, सगळ्यात जास्त पसरतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेली जास्वंद लोक सरळ बाकीच्या कुंड्यांमध्ये नेऊन ठेवतात! नवीन रोप, मग ते सख्ख्या बहिणीकडून का आलेलं असेना, पंधरा दिवस वेगळं ठेवा, पानांच्या मागे आणि पेरांमध्ये कापसासारखं पांढरं दिसतंय का बघा. आणि मुंग्यांवर लक्ष ठेवा, मिलीबगमधून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात, एका कुंडीतून दुसरीत नेतातसुद्धा. म्हणून साखर-दुधाच्या चहाचा चोथा न धुता कुंडीत टाकू नका. दिसलाच तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाडा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळीच, दुपारी मारलं तर पानं करपतात. एकदा मारून भागत नाही, दर आठवड्याला, पिल्लं संपेपर्यंत.

मोगऱ्याला फक्त पानं येतायत म्हणणाऱ्यांनी दोनच गोष्टी बघाव्यात, ऊन आणि छाटणी. त्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, गॅलरीच्या सावलीत तो नुसता वाढतो. कळ्या नवीन फुटव्यावर येतात, म्हणून छाटणी जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत, राहिली असेल तर आत्ता हलकी करा. गुलाबाला मात्र आता जोराची छाटणी नको, ती ऑक्टोबरची, आता फक्त सुकलेली फुलं काढत राहा.

ग्रीन नेट (सावलीची हिरवी जाळी) मार्चअखेर बांधून टाका, लू म्हणजे उन्हाळ्यातले गरम वारे सुरू झाल्यावर घाई करून उपयोग नसतो. पाणी सकाळी लवकर, कुंडीत वर वाळक्या पानांचा थर.

आणि फांद्या मागणाऱ्यांना एप्रिल-मेमध्ये गुलाब-मोगऱ्याची फांदी देऊ नका, कोरड्या हवेत मुळं फुटायच्या आधीच ती सुकते. नाव लिहून ठेवा आणि पाऊस लागला की पेन्सिलएवढ्या जाडीची, पेराच्या खाली कापलेली, वर दोनच पानं ठेवलेली फांदी द्या. तोपर्यंत कोरफडीची पिल्लं, स्पायडर प्लांट, तुळशीच्या मंजिऱ्या द्यायला काहीच हरकत नाही, फक्त नवीन रोपं आधी काही दिवस सावलीत ठेवायला सांगा.