तालुक्याचं राजकारण कळून घ्यायचंय तर आधी सोसायटी बघा

निवडणूक आली की सगळे झेंडे मोजतात, पण महाराष्ट्रात पक्ष कळायचा असेल तर सुरुवात गावच्या विकास सोसायटीपासून, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेपासून करा. बऱ्याच शेतकऱ्यांना पीककर्ज तिथून मिळतं, आणि तिचे प्रतिनिधी जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मतदान करतात, त्यामुळे ज्याच्या हातात जास्त सोसायट्या त्याचं बँकेत वजन, मग साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती हे सगळं एकाच घरात किंवा भावकीत फिरताना दिसतं. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून हे असंच वाढत गेलंय.

आता कारखान्याची सभासद यादी काढा. आडनावं बघा आणि कोण नाही तेही बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला जमीन लागते, मग भूमिहीन दलित, ऊसतोड करणारे वंजारी-बंजारा मजूर कारखान्याच्या मतदार यादीतच येत नाहीत, आणि बागायती पट्ट्यातला मराठा समाज संचालक मंडळावर दिसतो. संचालक मंडळात राखीव जागा असतात, पण त्यावर कुणाला बसवायचं हे बरेचदा पॅनेलप्रमुखच ठरवतो, मला हे फार खटकतं.

म्हणूनच भाजपनं माळी, धनगर, वंजारी असा माधव फॉर्म्युला आणला, सहकाराबाहेर राहिलेल्यांना जोडायला. नंतर कारखानदारही तिकडे गेले. २०२१ ला केंद्रात वेगळं सहकार मंत्रालय झालं, म्हणून आता पक्षांतराची बातमी आली की त्या नेत्याच्या कारखान्यावर कर्ज किती, थकहमी (कर्ज थकलं तर सरकारनं भरायची हमी) कुणाच्या हातात, हे आधी तपासा.