स्वीडनला येताय? आधी पर्शूननुम्मर, मग बाकीचा संसार

दर ऑगस्टमध्ये नवी मंडळी येतात आणि दर ऑगस्टमध्ये मला तेच फोन येतात. बँक खातं उघडत नाही, मोबाइलचं महिन्याचं कनेक्शन देत नाहीत, जिमवालासुद्धा नंबर मागतो. हा नंबर म्हणजे पर्शूननुम्मर, स्वीडनमधला प्रत्येकाचा ओळख क्रमांक. 1947 पासून इथल्या प्रत्येकाला तो मिळतो आणि त्याच्याशिवाय तुम्ही देशात असूनही नसल्यासारखे असता.

आकडे दहा. पहिले सहा जन्मतारखेचे, पण आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पुढचे तीन त्या तारखेला जन्मलेल्यांना वेगळं ओळखण्यासाठी. त्यातला तिसरा पुरुषांचा विषम, बायकांचा सम. शेवटचा आकडा आधीच्या नऊ आकड्यांवरून हिशेबाने निघतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टाकलात की संगणक लगेच हटकतो. काही फॉर्मवर वर्ष चार आकडी लागतं, तेव्हा बारा होतात. आणि शंभरी गाठलेल्या आजीबाईंच्या नंबरात शेवटच्या चार आकड्यांआधी असते त्या आडव्या रेघेच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. हे मला उगाच फार आवडतं.

आपल्यातल्या 'एक जून'वाल्यांनी नीट ऐका. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली तारीख पासपोर्टवर असेल, तर तीच नंबरात जाते. जन्मदाखल्यावर दुसरीच तारीख असेल, तर निघण्याआधी तिकडेच निस्तरून घ्या. इथे एकदा नोंदलेली जन्मतारीख बदलून घेणं महाजिकिरीचं काम आहे.

नंबर देतं ते स्कात्तेवेर्केत, म्हणजे करखातं. आपल्याला करखातं म्हटलं की धडकी भरते, पण इथे जन्म, लग्न, पत्ता, सगळी लोकसंख्या नोंदणी त्यांच्याकडेच आहे. ऑनलाइन माहिती भरा, मग सगळं कुटुंब घेऊन जा. तान्हं बाळसुद्धा. पासपोर्ट, इथे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, लग्नाचा नोंदणी दाखला आणि मुलांचे आईवडील दोघांची नावं असलेले जन्मदाखले, सगळं मूळ प्रतीत. लग्नाचा अल्बम नेलेलं एक जोडपं मला माहीत आहे.

आता मुख्य मुद्दा. नोंदणी होते ती किमान एक वर्ष राहणार असाल तरच. माझ्या पहिल्या करारावर 11 महिने लिहिलेले होते. "पुढे वाढणारच आहे, काळजी नको," असं कंपनीतले म्हणाले, ग्रुपवरच्या चार अनुभवी लोकांनीही मान डोलावली आणि मी बायकोला घेऊन विमानात बसलो. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिला, बोटाने 11 दाखवले आणि अत्यंत गोड हसून नाही म्हणाल्या. इथे नाही म्हणजे नाही. साहेबांना भेटून, ओळख काढून काही होत नाही. तिसऱ्या महिन्यात बायको बर्फावर घसरली, मनगट मोडलं. नोंदणी असती तर ठरलेली छोटी फी लागली असती. नव्हती, म्हणून सगळं बिल आमच्या अंगावर आलं, आणि विम्याची कलमं वाचत आम्ही हिवाळा काढला. करार वाढला, नंबर आला, पण ते पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगतो, सही करण्याआधी करारावरचे महिने मोजा. तोंडी वाढीव महिने धरू नका. 11 असतील तर 12 करून मागा, आणि मागताना लाजू नका. ग्रुपवर "आमचं झालं, तुमचंही होईल" म्हणणारा स्वतः दोन वर्षांच्या करारावर आलेला असतो.

कमी मुदतीने येणाऱ्यांना सामोर्डनिंग्सनुम्मर मिळू शकतो. दिसायला तसाच, फक्त दिवसात 60 मिळवलेले. 1 जूनचा 61 होतो. कर भरायला, पगाराला तो पुरतो. पण त्याने तुम्ही रहिवासी ठरत नाही, म्हणून त्यावर समाधान मानू नका.

नंबर आला की करखात्याकडूनच ओळखपत्र काढा, ते दाखवून बँक खातं उघडा आणि बँकेतून बँकआयडी, म्हणजे मोबाइलवरची डिजिटल ओळख, घ्या. या क्रमानेच. आपण आधारचे आकडे झाकून देतो. इथे लोक औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहून आपला नंबर मोठ्याने सांगतात, कारण नंबर गुप्त नसतोच. खरी किल्ली बँकआयडी आहे. "बँकेतून बोलतोय, जरा बँकआयडी उघडा" असा फोन आला की ठेवून द्या. मराठीत आला तरी.

घर बदललं तर आठवड्याच्या आत करखात्याला कळवायचं.

आणि हो, नंबर टपालाने येतो. टपालवाला दारावरच्या पत्राच्या फटीपाशी नाव बघतो, नसेल तर पाकीट परत जाऊ शकतं. भाड्याच्या खोलीवर घरमालकाचं एकट्याचं नाव असतं आणि आपले लोक महिनाभर वाट पाहत बसतात. राहायला गेलात त्याच दिवशी पासपोर्टवर जसं आहे तसं नाव कागदावर लिहून चिकटवा. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही.