मिठाच्या पुड्यावर आधी तारीख टाका

घरात कोणाला बीपी निघाला की डॉक्टरपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच सांगतात, मीठ कमी करा. पण आत्ता किती खातोय तेच माहीत नाही तर कमी कशातनं करणार? बाबांची गोळी सुरू झाली तेव्हा आई छातीठोकपणे म्हणाली की आपल्याकडे मीठ बेताचंच असतं, मग आम्ही मोजायचं ठरवलं. कसं मोजायचं ते सांगतो, वजनकाटा पण लागत नाही.

नवीन १ किलोचा पुडा फोडला की त्यावर पेनने तारीख टाका. संपला की किती दिवस गेला ते बघा, १००० ला त्या दिवसांनी भागा आणि मग घरात जेवणाऱ्या माणसांनी भागा, झालं. आमचा चौघांचा पुडा २९ दिवसांत संपला, म्हणजे माणशी रोज साडेआठ ग्रॅमच्या वर!! डब्ल्यूएचओचं म्हणणं ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यातच लोणचं, फरसाण, पाव सगळं आलं. त्या हिशोबाने चौघांना एक पुडा ५० दिवस तरी जायला हवा. लोणचं घातलं किंवा पाहुणे आले तर अंदाजाने वजा करा, आणि दुपारचा डबा नेत नसाल, कँटीनला जेवत असाल, तर उलट वाढवून धरा.

आईचा चेहरा उतरला म्हणून तिला सांगितलं, देशाचं पण हेच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लोकांची लघवी तपासून अंदाज काढला होता, तर सरासरी ८ ग्रॅम निघाली, पुरुष ८.९ आणि बायका ७.१. इंग्लंड-अमेरिकेत बरंचसं मीठ पाव, चीज, पाकिटातल्या खाण्यातनं येतं त्यामुळे तिकडे कंपन्यांच्या मागे लागून भागतं, आपल्याकडे मात्र बहुतेक मीठ आपणच आपल्या हाताने कढईत टाकतो. म्हणजे दोष पण आपला आणि उपाय पण आपल्याच ओट्यावर.

आता कमी कसं करायचं. एकदम अर्ध्यावर आणू नका, दुसऱ्याच दिवशी घरात बंड होतं (अनुभव). हाताने चिमटीने टाकणं बंद करून मिठाच्या डब्यात एक ठरलेला चमचा ठेवा, नाहीतर ज्याची चिमूट मोठी त्याच्या हातचं खारट. सुरुवात कणीक आणि भातापासून करा, कारण पोळी आमटीबरोबर आणि भात वरणाबरोबरच खातो, त्यात मीठ नाही हे आमच्याकडे आठ दिवस कोणाला कळलंच नाही. मग आमटी-भाजीतलं दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवा, जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि तोवर लिंबू, आमसूल, लसूण, जिरेपूड सढळ हाताने वापरा. कोशिंबिरीला मीठ आधी घालून ठेवलं की काकडीला पाणी सुटतं आणि मग वरून परत घालतो, त्यापेक्षा वाढताना भुरभुरवा, वर असलेलं मीठ जिभेला लगेच लागतं. कोकमाच्या आगळात मीठ असतंच, सोलकढीत चव न बघता घालू नका. आणि पानात डावीकडे मीठ वाढायची पद्धत छान दिसते वगैरे ठीक आहे पण रोजच्या जेवणात नको.

पापड, लोणचं, सांडगी मिरची, खारवलेली मासळी हे सगळं एकाच जेवणात घेऊ नका, एक काहीतरी निवडा. खायचा सोडा आणि पापडखार यात पण सोडियमच असतं, ते चवीला खारट लागत नाही म्हणून कोणी धरत नाही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं, ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

सैंधव खाल्लं तर चालतं हे डोक्यातनं काढा, ते पण सोडियम क्लोराइडच आहे, वर त्यात आयोडीन घातलेलं नसेल तर तोही तोटा. लो सोडियम मीठ मिळतं, त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड असतं, चीनमध्ये खेड्यांतल्या जवळपास २१,००० लोकांवर अभ्यास झाला त्यात अशा मिठाने पक्षाघात कमी झालेले दिसले. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय घरात आणूच नका.

रोज ४-५ ग्रॅम मीठ उतरलं तर बीपीचा वरचा आकडा सरासरी ४-५ ने खाली येतो. ऐकायला कमी वाटतं, पण गोळीच्या जोडीने हे होतं, गोळीच्या ऐवजी नाही, आणि गोळी मनाने बंद करायची नाही. बीपी घरी बघत असाल तर आधी अर्धा तास चहा नको, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, मगच पट्टा बांधा.

आमचा दुसरा पुडा ३८ दिवस गेला. आईचं म्हणणं त्यातले निम्मे दिवस बाबांनी कोपऱ्यावर खाल्लेल्या वडापावचे आहेत, आणि ते पुड्यावर दिसत नाहीत. तिसऱ्यावर तारीख टाकलीय, वडापावाचा हिशोब यावेळी शेजारीच लिहायचा ठरलाय.