सणाच्या दिवसापासून मागे मोजत भाजीपाल्याची पेरणी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी किंवा निपाणी भागातील अर्ध्या-एक एकराच्या सेंद्रिय मळ्यात पेरणीची तारीख बहुधा पावसावर ठरते. परंतु माल थेट गिऱ्हाइकाला विकायचा असेल, तर विक्रीचा दिवस आधी ठरवून तेथून मागे मोजणे अधिक फायद्याचे असते. अडतीला टाकलेली सेंद्रिय भाजी गोव्याला जाणाऱ्या इतर मालात मिसळून जाते आणि तिला वेगळा दर मिळत नाही. तीच भाजी सणाच्या आदल्या दिवशी बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत किंवा शहापुरात दारावर पोहोचली, तर गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करत नाही.

भोगीचे उदाहरण घ्यावे. हा सण बहुधा १३ किंवा १४ जानेवारीला येतो आणि त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीला वांगी, गाजर, पावटा, वाटाणा आणि हरभऱ्याचे घाटे एकाच वेळी लागतात. वांग्याची रोपे सप्टेंबरच्या सुरुवातीला टाकून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावली, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून तोडे सुरू होतात. पावटा सप्टेंबरअखेर, गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, हरभरा ऑक्टोबरच्या शेवटी आणि वाटाणा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरावा. पाचही भाज्या एका कुटुंबाला पुरतील अशा बेताने एकत्र बांधून विकाव्यात. सुट्या भाजीपेक्षा असा वाटा लवकर संपतो आणि उरलेल्या घाट्यांचे काय करायचे, हा प्रश्नही राहत नाही.

ऋषिपंचमी पंचांगाप्रमाणे दरवर्षी पुढे-मागे होते, म्हणून तिची तारीख उन्हाळ्यातच पाहून ठेवावी. त्या दिवशीच्या भाजीतील लाल भोपळ्याला १०० दिवसांहून अधिक, दोडक्याला सुमारे ६०, भेंडीला ५० आणि माठाला २५ ते ३० दिवस लागतात. अळू मात्र पावसाळ्यापूर्वीच लावलेले असावे. महाशिवरात्रीच्या उपवासासाठी रताळी हवी असतील, तर पश्चिम भागातील नेहमीच्या पावसाळी लागवडीवर विसंबून चालत नाही, कारण ती दिवाळीच्या आसपासच काढणीला येते. त्यासाठी पाण्याची सोय असलेल्या तुकड्यात ऑक्टोबरमध्ये वेलाचे तुकडे वरंब्यावर लावावेत.

सणांच्या मधल्या काळात मळा चालतो तो पालेभाजीवर. मेथी, कोथिंबीर आणि पालक एकदम न पेरता दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरत जावा, म्हणजे नेहमीच्या घरांना आठवडा चुकत नाही.

खानापूरच्या लाल मातीतून पाणी लवकर निथळते, पण बेळगावच्या काळ्या रानात जुलैच्या पावसात मुळे कुजतात. तेथे फूटभर उंचीचे गादीवाफे आणि दोन वाफ्यांमध्ये मोकळी चर हवीच. माती मुठीत दाबून सोडल्यावर तिचा गोळा बोटाच्या धक्क्याने फुटला, तर वाफसा आला असे समजावे. गोळा चिकटून राहिला, तर कुदळ बाजूला ठेवावी. ओल्या काळ्या मातीत केलेली घाई पुढे सगळा हंगाम ढेकळांच्या रूपाने त्रास देते.

खताचा आधार कुजलेले शेणखतच. त्याच्या जोडीला एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून, दिवसातून दोनदा ढवळत दोन दिवस सावलीत ठेवलेले जीवामृत आठवड्याच्या आत वापरावे. कोबी-फ्लॉवरच्या कडेने लागवडीआधी पंधरा दिवस मोहरी पेरली, तर चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिच्याकडे ओढला जातो. तरीही अळी दिसू लागली, तर ५ किलो निंबोळ्या कुटून, रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाण्यातून सायंकाळी फवाराव्यात.

शेजारच्या उसावर मारलेल्या तणनाशकाचा तुषार वाऱ्याने मळ्यात येतो आणि वेलवर्गीय पिकांची पाने आकसतात. माझ्या मते सीमाभागातील लहान सेंद्रिय शेतीला सर्वांत मोठा धोका हाच आहे. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट पट्टी लावावी आणि फवारणी कोणत्या दिवशी आहे, हे शेजाऱ्याशी बोलून आधीच समजून घ्यावे.

पालेभाजी उजाडताना काढावी, मुळांची माती झटकावी, केळीच्या सोपटाने सैल पेंडी बांधावी आणि ओल्या पोत्याखाली बुट्टीत उभी रचावी. घट्ट बांधलेली मेथी दुपारपर्यंत आतून पिवळी पडते. भाव दर आठवड्याला बदलण्याऐवजी हंगामभर एकच ठेवावा आणि दरफलक मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावा.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार लहान उत्पादकाने स्वतः थेट ग्राहकाला विकलेल्या सेंद्रिय मालाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. दुकानातून ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचे असल्यास मात्र ते लागते. त्यासाठी आसपासच्या किमान पाच शेतकऱ्यांनी पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेती तपासून प्रमाणित करण्याची) पद्धतीचा गट करावा, एकमेकांच्या रानाची पाहणी करावी आणि कोणत्या वाफ्यात काय, कधी घातले याची वही पहिल्या पेरणीपासूनच ठेवावी, कारण पाहणीच्या वेळी पहिल्यांदा तीच मागितली जाते.